एकतीस इंच

लंडनहून शांघायला जाणाऱ्या विमानांत इकॉनॉमीच्या रांगांमधलं अंतर बहुतेक ठिकाणी एकतीस इंच असतं, कुठे बत्तीस. हे अंतर पायांचं नव्हे. एका आसनावरच्या एखाद्या बिंदूपासून पुढच्या आसनावरच्या त्याच बिंदूपर्यंत ते मोजतात. म्हणजे त्यात पाठीची जाडी आली, गादी आली, पुढच्याच्या पाठीत बसवलेला पडदा आला, कागदपत्रांचा कप्पा आला. हे सगळं वजा जाता गुडघ्यांच्या वाट्याला काय उरतं, ते कंपनीच्या तक्त्यात नसतं. काही आसनांखाली करमणुकीच्या यंत्रणेची पेटी असते. तिथे बसणाऱ्याने एक पाय सगळा प्रवासभर तिरका ठेवायचा.

म्हणून मी घरातच मोजून पाहिलं. जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या एकामागे एक ठेवल्या, शिवणाची टेप लावून पाठीपासून पाठीपर्यंत एकतीस इंच धरले आणि आईला मागच्या खुर्चीत बसायला सांगितलं. तिचा उजवा गुडघा पूर्ण दुमडत नाही. तिने आधी डाव्या पायावर भार घेतला, हाताने खुर्चीची कड चाचपली, हळूच टेकली, आणि मग उजवी मांडी दोन्ही हातांनी उचलून पाय आत घेतला. गुडघा आणि पुढची खुर्ची यांत चार बोटं राहिली.

"बसतंय की," ती म्हणाली. "एसटीत कुठे याच्यापेक्षा जास्त असते जागा?"

"अगं, अकरा तास बसायचंय."

"मग काय झालं? अंथरूण पाहून पाय पसरावेत."

तेव्हापासून मी त्या म्हणीत अडकले आहे. तिकिटांचे भाव रोज खालीवर होत आहेत, भाऊ शांघायहून तारखा विचारतो आहे आणि मी अंथरुणाचा विचार करते आहे.

आमचं घर सोलापूरचं. पूर्व भागातल्या यंत्रमागांची खटखट रात्री आमच्या गच्चीपर्यंत यायची. आजोबा एका चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहायचे. दिवाळीला मालक माणसांना चादरी द्यायचा. त्या मापात कमी भरलेल्या असायच्या, नाहीतर नक्षीत धागा चुकलेला असायचा. एका चादरीवरच्या मोराला मान होती, डोकं नव्हतं. ती मला फार आवडायची. उन्हाळ्यात आम्ही भावंडं गच्चीवर ओळीने झोपायचो आणि पहाटे गार वारं सुटलं की पायावर घेतलेली चादर गळ्यापर्यंत यायची नाही, गळ्यापर्यंत ओढली की पावलं उघडी पडायची. सोलापुरी चादर मुंबईपुण्यात कौतुकाने पांघरली जात होती, पुढे तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. ज्या गावात ती विणली गेली त्या गावातल्या आमच्या घरात मात्र पाय आखडून घ्यायची शिकवण होती आणि ती देताना आजी हीच म्हण म्हणायची.

म्हण शहाणपणाची आहे, यात वाद नाही. कर्ज काढून लग्नं करणाऱ्यांना ती वेळेवर ऐकवली असती तर कितीतरी घरं वाचली असती. पण ती नेहमी पायांशी बोलते, अंथरुणाशी कधी बोलत नाही. अंथरूण आखूड का आहे, कुणी कापलं, कापलेला तुकडा कुठे गेला, हे तिला विचारायचंच नाही. शिवाय पाहून पसरावेत म्हणायचं, तर अंथरूण आधी दिसायला तरी हवं. तिकीट काढताना भाव दिसतो, सुटायची आणि पोचायची वेळ दिसते. इंच शोधावे लागतात. रुंदी तर त्याहून आत दडलेली असते. बोइंग ७८७ची आखणी झाली तेव्हा इकॉनॉमीत एका रांगेत आठ आसनं धरली होती. आज जवळपास सगळीकडे नऊ आहेत. ७७७मध्ये बरीच वर्षं नऊ असायची, आता बहुतेक कंपन्यांनी दहा केली. विमान तेवढंच रुंद राहिलं. एअरबस ए३५०मध्ये नऊच्या रांगेतही साधारण अठरा इंच रुंदी मिळते, दहाच्या ७७७मध्ये सतरा. एक इंच म्हणजे किती, ते ज्याला दोन माणसांच्या मध्ये बसावं लागतं त्याला विचारावं.

अमेरिकेत हे प्रकरण कोर्टात गेलं होतं. २०१७मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तिथल्या विमानवाहतूक नियामकाला आक्रसत चाललेल्या आसनांचा पुन्हा विचार करायला सांगितलं. २०१८मध्ये संसदेने कायदा करून आसनांची किमान मापं ठरवण्याचा आदेश दिला. त्यानंतरही मापं ठरवण्याचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. आणीबाणीत नव्वद सेकंदांत विमान रिकामं करता आलं पाहिजे, ही अट मात्र जुनीच आहे. म्हणजे माणूस बाहेर किती लवकर पडतो याचा नियम आहे. आत तो कसा बसतो याची काळजी कुणी घ्यायची? मला हे मनापासून अयोग्य वाटतं. दाराजवळच्या रांगेत पाय लांब करता येतात, पण ती रांग आईला देता येणार नाही, कारण तिथे बसणाऱ्याला वेळ पडल्यास दार उघडता आलं पाहिजे. ज्या गुडघ्याला जागा हवी, नेमका त्यालाच ती रांग बंद आहे.

हे सगळं मी आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू भलताच अर्थ लावतेस. पाहुणे आले की आम्ही पाय आखडून झोपायचो. नाहीतर एका खोलीत दहा माणसं निजणार कशी? आपण पाय घेतले की दुसऱ्याला जागा होते."

हा अर्थ मी कधी ऐकला नव्हता. मी तिच्याशी वाद घालायला गेले आणि शब्द सापडेनात. रांगेतल्या दहाव्या आसनामुळे तिकीट खाली येत असेल, तर त्या आसनावर कुणीतरी असा माणूस बसतो ज्याला एरवी जाताच आलं नसतं. माझा भाऊ पहिल्यांदा चीनला गेला तो सगळ्यात स्वस्त तिकिटावर, रात्रभर एका विमानतळावर बाकावर बसून. आठच आसनं असती तर तो गेला असता का? दुसरीकडे हेही खरं की आमच्या घरात पाहुण्यांसाठी यजमानही पाय आखडून झोपत होता. विमानात अंथरूण घालणारा त्या अंथरुणावर झोपत नाही. मग आईचा अर्थ तिथे लागू पडतो की नाही? मी एकदा हो म्हणते, एकदा नाही.

इंचांचा प्रश्न सोडवता सोडवता तासांचा समोर येतो. तो मला जास्त जड जातो. फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली आणि काही दिवसांतच ब्रिटन-युरोपने रशियाच्या आणि रशियाने त्यांच्या विमानांना आपापली आकाशं बंद केली. चिनी कंपन्यांना ती बंदी नाही. त्यांची विमानं आजही सायबेरियावरून सरळ जातात. ब्रिटिश विमानाला तुर्कस्तान, कॉकेशस, कॅस्पियन समुद्र, कझाकस्तान असा खालून वळसा पडतो आणि दोनेक तास वाढतात. तेवढं इंधन वाढतं, माणसं जास्त लागतात. व्हर्जिन अटलांटिकने २५ वर्षं चालवलेला लंडन–शांघाय मार्ग ऑक्टोबर २०२४मध्ये बंद केला. त्याच महिन्यात ब्रिटिश एअरवेजने बीजिंगची सेवा थांबवली. चिनी कंपनीचं तिकीट स्वस्त पडतं, त्याचं एक कारण हे आहे. आकाशातून जाऊ देण्याबद्दल रशियाला शुल्क मिळतं आणि त्यातला एक बारीकसा वाटा माझ्या तिकिटातून जाणार.

इथे लंडनमध्ये आमच्याच रस्त्यावर युक्रेनहून आलेलं एक कुटुंब राहतं. त्या बाई आईला रोज हात करतात. आईला इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी येत नाही, तरी दोघी फाटकाशी थांबून काहीतरी बोलतात. त्यांच्यासमोरून सुटकेस ओढत जाताना मला काय वाटेल, हे मला ठाऊक आहे. पण आईच्या गुडघ्याचे दोन तासही मला ठाऊक आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००७मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक बसून प्रवास केला की शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. मग दोन तास कमी करावेत, की आखातात उतरून तिला थोडं चालवावं? तिथे उतरायचं तर मध्यरात्री व्हीलचेअरची वाट बघणं आलं, दुसरं विमान आलं, दुसरे एकतीस इंच आले. आणि सायबेरियाचा विचार केला की मला मागादान आठवतं. जून २०२३मध्ये एअर इंडियाचं दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे तिथे उतरवावं लागलं. दोनशेहून जास्त प्रवासी. गावात तेवढी हॉटेलं नव्हती, म्हणून बऱ्याच जणांची सोय शाळेत आणि वसतिगृहात जमिनीवर गाद्या घालून केली. पुढचं विमान येईपर्यंत लोक तिथे राहिले. कुणाची तरी सत्तरीतली आई त्या गादीवरून उठताना कुणाचा हात धरून उठली असेल?

आईला ही गोष्ट सांगितली तर तिला गाद्यांचंच बरं वाटलं. "परक्या गावात गाद्या तरी घातल्या त्यांनी," म्हणाली. आणि मग तिने कोटणीस काढले.

सोलापूरच्या माणसापुढे चीन म्हटलं की द्वारकानाथ कोटणीस येणारच. भैय्या चौकाजवळच्या त्यांच्या घरात आता स्मारक आहे. १९३८मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि आमचे कोटणीस, वय पुरतं अठ्ठावीसही नाही. लोकवर्गणी जमली होती. सप्टेंबरात ते मुंबईहून बोटीने निघाले, दोन आठवड्यांनी कँटनला लागले आणि पुढच्या फेब्रुवारीत यानानला पोचले. चीनमध्ये असतानाच वडील गेल्याचं कळलं. कोटणीस परतले नाहीत. चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर डोंगरांतून फिरत त्यांनी जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, डॉ. नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, गुओ छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. ऑगस्ट १९४२मध्ये मुलगा झाला आणि ९ डिसेंबर १९४२ला, बत्तिसाव्या वर्षी, ते अपस्माराने गेले. शिजियाझुआंगला त्यांची समाधी आहे. व्ही. शांतारामांनी १९४६मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला आणि नायक स्वतःच झाले. आईने तो फार पुढे, लग्नानंतर, माझ्या वडिलांबरोबर पाहिला आणि तिला त्यातला शेवटच तेवढा आठवतो.

मला वाटलं, ती आता म्हणणार की ते कुठे जागा बघून गेले. मी उत्तरही तयार ठेवलं होतं. ते लोकांचे प्राण वाचवायला गेले, आपण भावाकडे चाललो आहोत, ते युद्धात उतरले आणि आपण दुसऱ्या एका युद्धावरून, वेळ वाचवत, उडत जाण्याचा हिशेब करतो आहोत. ही तुलना करू नये, असं मी म्हणणार होते.

ती तसं काही म्हणाली नाही. मेथीच्या काड्या कागदात गुंडाळत म्हणाली, "गेला तो घरच्यांना पुन्हा दिसला नाही. तेव्हा जाता येत नव्हतं गं कुणाला उठून. आता येतंय तर तू इंच मोजत बसलीस."

याला काय म्हणायचं? तिला जायचं आहे, गुडघा साथ देतोय तोवर जायचं आहे, आणि कशानेही जायचं आहे. तिच्या तोंडून हे ऐकल्यावर माझे तक्ते क्षुल्लक वाटायला हवेत. तसे ते वाटत नाहीत. तिने सगळं आयुष्य पाय आखडून घेतले म्हणूनच आता तरी तिला ते लांब करता यावेत, असं मला तीव्रतेने वाटतं. आणि ते लांब करण्यासाठी कुणाच्या आकाशातून जायचं, हे मी तिच्यावर सोपवू शकत नाही. महिन्याभरापूर्वी मला फक्त भाव आणि वेळ बघायचे होते. आता दोन्ही बघूनही निवड होत नाही.

या मार्गावरून वयस्कर आईवडिलांना घेऊन कुणी गेलं असेल, तर कृपा करून मला कळवा. कंपनीचं नाव नंतर सांगा. विमान कुठलं होतं, एका रांगेत नऊ आसनं होती की दहा, तुम्ही कितव्या रांगेत बसलात, आणि उतरल्यावर आईला आधाराशिवाय उभं राहता आलं का, हे आधी लिहा. शाकाहारी जेवण निदान एक दिवस आधी सांगावं लागतं, एवढं मला माहीत आहे.