वर्षभराने पुन्हा

आपल्याच अंगातली एक जागा आपल्याला जन्मभर दिसत नाही. आमच्याकडच्या बायका तिला पिशवीचं तोंड म्हणतात, तेही आवाज खाली घेऊन. अठ्ठाविसाव्या वर्षी माझा पॅप स्मिअरचा रिपोर्ट आला: तिथल्या पेशींत लो ग्रेड बदल, एचपीव्ही पॉझिटिव्ह, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवू शकणारा विषाणू सापडला. दुखत काहीच नव्हतं, अंगावरून काही जात नव्हतं. दिवस कामात निघून जायचा. रात्री दिवा मालवला की हात आपोआप ओटीपोटावर जायचा आणि तिथे काहीच जाणवत नाही याचीच धास्ती वाटत राहायची.

कोल्पोस्कोपीच्या वेळी, म्हणजे ती जागा भिंगातून तपासताना, डॉक्टरबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. व्हिनेगरमध्ये असतं तेच आम्ल, पातळ केलेलं, कापसाच्या बोळ्याने लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. बदललेल्या पेशी पांढऱ्या पडतात. मी पाहत राहिले. गुलाबी, ओलसर गोलाई, मधोमध बारीक छिद्र आणि एका कडेला फिकट पांढरा डाग. डाग पाहून मला रडू यायला हवं होतं. पण माझं लक्ष त्याला लागून असलेल्या लालसर रेषेवर खिळलं. आतल्या उंच, नाजूक पेशींचा एकपदरी थर तिथे संपतो आणि बाहेरच्या चपट्या पेशींचा अनेकपदरी थर सुरू होतो. वयात आल्यापासून आतल्या पेशी हळूहळू बाहेरच्यांसारख्या होत जातात, आणि ही शीव भरती-ओहोटीच्या पट्ट्यासारखी सरकत राहते. तरुणपणी तिथे सतत काही ना काही बदलत असतं. म्हणूनच विषाणूलाही शिरायला तीच जागा सापडते. इतकी वर्षं माझ्या आत एवढी उलाढाल चालली होती आणि मला तिचा पत्ताही नव्हता.

घरी आल्यावर नवऱ्याने भांडी विसळता विसळता विचारलं, “माझ्याकडून आला असेल का गं?” त्याने मान वर केली नाही. माझ्याही मनात तेच होतं, आणि त्याच्या उलटही होतं. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं मी त्याला सांगितलं. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक माणसांना हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी गाठतोच. तो वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो, त्यामुळे कधी आणि कुणाकडून आला हे शोधता येत नाही. बहुतेकदा दोनेक वर्षांत शरीर स्वतःच त्याला घालवतं. तो बराच वेळ ओट्याशी उभा राहिला. मग आम्ही दोघांनी मिळून भांडी पुसली.

बायोप्सीत सीआयएन वन निघालं, म्हणजे पेशींतल्या बदलांची सर्वांत सौम्य पायरी. “आता काही करायचं नाही. वर्षभराने पुन्हा बघू,” डॉक्टरबाई म्हणाल्या. असे बदल बहुतेक वेळा आपोआप ओसरतात. उगाच तिथला भाग कापला, तर पुढे बाळंतपण वेळेआधी होण्याचा धोका वाढू शकतो. हे सगळं मला पटलं. तरी काहीही न करता वर्षभर राहायचं हे औषध पचायला फार जड गेलं.

आईला सांगितलं तेव्हा ती आधी गप्प बसली, मग थोरल्या मावशीचं बोलली. मावशी कळंबकडची. चाळिशीही उलटली नव्हती. पांढरं जातंय म्हणून गेली, तर “पुढे कॅन्सर होईल” असं सांगून तिची पिशवीच काढली. ना स्मिअर, ना बायोप्सी. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या किती बायकांच्या पिशव्या अशाच काढल्या गेल्या, हे २०१९ मध्ये राज्यभर गाजलं. एकाच आजाराच्या भीतीने मावशीचा अवयवच गेला आणि मला मात्र थांबायला सांगितलं गेलं. हा फरक आमच्या नशिबाचा आहे असं मी मानत नाही. तपासणी मावशीपर्यंत पोचलीच नव्हती.

आणि तपासणीने काय साधतं हे जगाला ज्यांनी दाखवलं, त्या बायकाही मावशीच्याच मातीतल्या. १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातल्या गावांत बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि मुंबईचं टाटा यांच्या पथकांनी तीस ते एकोणसाठ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास केला. २००९ साली निष्कर्ष छापून आले. एकदाच एचपीव्ही चाचणी देऊ केलेल्या सुमारे चौतीस हजार बायकांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ जणी गेल्या. ज्यांना तपासणी दिलीच नव्हती, अशा सुमारे एकतीस हजारांत ६४. तुलनेसाठी तपासणीविना ठेवलेल्या त्या ६४ जणींपाशी मी प्रत्येक वेळी अडते. त्यावर पुढे वादही झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. माझ्या फाइलमधली एचपीव्हीची एक ओळ आज काही सांगू शकते, त्यात त्यांचाही वाटा आहे.

आईने परवा फोनवर विचारलं, “माझं वय छप्पन्न. मला करता येतं का गं ते?” येतं, म्हटलं. माझ्या पुढच्या तपासणीला ती पुण्याला येणार आहे, स्वतःचीही करून घ्यायला. धाकट्या मावशीलाही तिनेच विचारलं. मावशी अजून “बघू, सुगी होऊ दे” म्हणतेय, आणि आई दर रविवारी तिला पुन्हा फोन लावते.