कणेरीचे सिमेंटचे गाव

शिल्पे पाहायची म्हणजे बंद दालनातून, हलक्या आवाजात बोलत हिंडायचे, अशी आपली समजूत असते. कोल्हापूरच्या दक्षिणेस, पुणे–बंगळूर महामार्गापासून थोडे आत असलेल्या कणेरी येथे ती सहज मोडते. तेथील सिद्धगिरी मठाच्या परिसरात सुमारे सात एकर जागेवर उघड्या आकाशाखाली एक संपूर्ण गाव उभे आहे. जवळपास 80 देखावे आणि 300 च्या आसपास माणसे. सारी सिमेंटची, खऱ्या माणसाच्या उंचीची आणि रंगविलेली. यंत्रे येण्यापूर्वीचे बलुतेदारीचे गाव येथे साकारलेले आहे. सहकुटुंब सहलीसाठी हे स्थळ उत्तम आहेच. परंतु एका डॉक्टरच्या नजरेने ते कसे दिसते, हे आज आपणांस सांगावेसे वाटते.

प्रथम या पुतळ्यांची बसण्याची ढब पाहा. न्हावी आणि त्याचे गिऱ्हाईक समोरासमोर उकिडवे बसलेले आहेत. कुंभार चाकावर वाकला आहे, लोहाराचा हात ऐरणीवर आहे, जात्याशी बसलेल्या बायकांचे खांदे खुंट्याच्या फेऱ्याबरोबर वळले आहेत. खुर्ची जवळजवळ कोठेच नाही. त्या काळी व्यायाम हा शब्द तालमीपुरता होता. इतरांच्या बाबतीत तो दिवसभराच्या कामात विरघळून गेलेला होता. आज दवाखान्यात चाळिशीतील रुग्णाला मी जमिनीवर बसून हाताच्या आधाराविना उठावयास सांगतो, तेव्हा अनेकांना ते साधत नाही. गुडघे झिजण्याआधीच मांड्यांचे स्नायू दुबळे झालेले असतात. कणेरीतील ही सिमेंटची माणसे आपणांस हेच दाखवून देतात, की शरीराचे सांधे वापरण्यासाठी आहेत.

मात्र येथेच थोडे सावध व्हावयास हवे. या गावातून बाहेर पडताना बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य असते : “पूर्वीचे लोक किती निरोगी होते!” हे वाक्य अर्धेच खरे आहे. पुतळ्याला खोकला येत नाही आणि तापही भरत नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशातील सरासरी आयुर्मान अवघे 32 वर्षांच्या आसपास होते. देवी, पटकी, क्षय आणि बाळंतपणातील मृत्यू प्रत्येक गावाच्या परिचयाचे होते. बलुतेदारीतील काम जन्माने ठरत असे आणि त्याचे कष्टही. तेही पुतळ्याच्या शांत चेहऱ्यावर उमटत नाही.

विहिरीच्या देखाव्यापाशी क्षणभर थांबा. पायऱ्या उतरून, पाण्यात पाय घालून घागर भरण्याची रीत ज्या विहिरींवर होती, तेथूनच नारू पसरत असे. पाण्यातील सूक्ष्म कीटकांबरोबर नारूची अळी पोटात जाई. सुमारे वर्षभराने हातभर लांबीचा जंत पायाच्या फोडातून बाहेर डोकावे, आणि तोच पाय पुन्हा पाण्यात पडला की अळ्या पाण्यात मिसळत. या रोगावर ना लस होती, ना खात्रीचे औषध. पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त करणे, पाणी फडक्याने गाळणे आणि पाण्यात औषध टाकणे, एवढ्या साध्या उपायांनी तो हटला. 2000 साली भारत नारूमुक्त घोषित झाला. चुलीचेही तसेच. चुलीवरच्या भाकरीची चव आपण वाखाणतो. पण त्या धुरात आयुष्य काढलेल्या आजींची छाती आजही तपासताना घरघरते.

म्हणून या गावाकडून काय घ्यावे आणि काय तेथेच सोडावे, याचा विवेक आपण बाळगला पाहिजे. घ्यावी ती हालचाल : जमिनीवर बसणे, पायी चालणे, हाताने काम करणे. प्रौढांनी आठवड्यातून किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सोडावा तो धूर, ते उघडे पाणी आणि अनवाणी पाय.

जाताना काही पथ्ये पाळा. सकाळी लवकर पोहोचा. सारे पाहावयास दोन-तीन तास लागतात आणि उन्हाची तिरीप चढत जाते. पाण्याची बाटली, टोपी आणि रुळलेली पादत्राणे असू द्या. मधुमेहींनी न्याहारी चुकवू नये, जवळ काही खावयाचे ठेवावे. गुडघे दुखत असतील त्यांनी पुतळ्यांचे पाहून एकदम उकिडवे बसण्याचा मोह टाळावा. घरी खुर्चीवरून हात न टेकता उठण्यापासून आरंभ करावा.

आणि शक्य असल्यास घरातील वडीलधाऱ्यांना सोबत न्या. एरवी अबोल असणारी आजी जात्यापुढे उभी राहताच बोलू लागते, असा अनेक कुटुंबांचा अनुभव आहे. तिला घाई करू नका. पहाटे किती दळण असे, पाणी कोठून येई, किती भावंडे जगली आणि किती गेली, हे तिला विचारा, आणि नातवंडांना ते ऐकू द्या. आपल्या कुटुंबाचा आरोग्याचा इतिहास अनेकदा तिच्याखेरीज कोणालाच ठाऊक नसतो.