सहा महिन्यांची नर्स आणि विनाटॅगचं बियाणं



आठ दिवस पेजवर नोंद नव्हती, म्हणून तिघाचौघांनी टोमॅटोचं काय झालं विचारलं. टोमॅटो ठीक आहे, पहिली बांधणी घरच्यांनी उरकली. मी मुंबईला होतो, धाकटीच्या शिक्षणाचं बघायला. आजची नोंद त्याचीच आहे. शेतीच्या पेजवर हे कशाला, असं कोणी म्हणेल. पण आपल्यातल्या निम्म्या लोकांच्या घरात बारावी झालेली पोरगी आहे, आणि मोबाईलवर येणाऱ्या जाहिराती सगळ्यांना सारख्याच येतात.

धाकटी यंदा आर्ट्समधून बारावी पास झाली, ५८ टक्के. नर्स व्हायचंय हे तिचं जुनंच आहे. माझी आई शेवटचे आठ महिने अंथरुणाला खिळून होती, पाठीला जखमा झाल्या होत्या. उपकेंद्राच्या सिस्टर येऊन ड्रेसिंग करायच्या. त्यांनी धाकटीला ते शिकवलं, आणि दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणून सांगितलं. तेव्हा पोरगी दहावीत होती. मी पाण्याच्या पाळ्या वहीत लिहितो, तशी ती आजीच्या कुशीच्या वेळा लिहायची. डावी, उजवी, वेळ. ती वही अजून घरात आहे.

निकाल लागला त्याच आठवड्यात घाटकोपरच्या आक्काने व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवला. "नर्सिंग कोर्स, कालावधी ६ महिने, दहावी पास-नापास चालेल, १०० टक्के नोकरी." पत्ता अंधेरीचा, फी ३८,०००. जागा मोजक्याच आहेत म्हणाले, म्हणून मी ५,००० ऑनलाईन पाठवून जागा धरली. खताची उधारी चुकती करायला ठेवलेले पैसे होते. चौकशी आधी करायची का पैसे आधी पाठवायचे, हे मला वयाच्या ५१ व्या वर्षी कळायला पाहिजे होतं.

नारायणगावहून एसटीने आळेफाटा, माळशेज करत कल्याण, तिथून लोकल. आक्का असल्फ्याला डोंगरावर राहते. दाजी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला माथाडी आहेत, म्हणजे आपला कांदा गावाकडे माझ्या पाठीवर आणि वाशीत दाजींच्या पाठीवर. दुसऱ्या दिवशी मी, धाकटी आणि आक्का मेट्रोने अंधेरीला गेलो. वाटेत मरोळ नाका लागतं. आक्का म्हणाली, कोरोनात इथल्या सेव्हनहिल्स हॉस्पिटलला केरळवरनं डॉक्टर-नर्स आणले होते. ते खरं आहे, २०२० च्या जूनमधली गोष्ट. मी पुढं तेच डोक्यात घेऊन बसलो. केरळच्या पोरी दीड दिवसाच्या प्रवासाने येऊन उभ्या राहतात आणि आमच्या पोरी पाच तासांवर आहेत. त्यांच्याकडे असं काय आहे?

क्लास साडीच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर निघाला. दोन खोल्या, एक कॉट, त्यावर प्लास्टिकचा माणूस, भिंतीवर पांढऱ्या टोप्या घातलेल्या मुलींचे फोटो. मॅडम गोड बोलत होत्या. आदल्या रात्री मी आमच्या उपकेंद्राच्या सिस्टरांना फोन केला होता. त्या म्हणाल्या होत्या, "दादा, बाकी काही विचारू नका, एकच विचारा. कोर्स झाल्यावर हिचं नाव महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरला लागणार का?" मी तेवढंच विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "सर, आमचं सर्टिफिकेट आयएसओ आहे."

"ते झालं. पण कौन्सिलला नाव लागेल का?"

"सर, नोकरीला कोणी विचारत नाही ते. आमच्या मुली मोठमोठ्या हॉस्पिटलात आहेत."

मग आमच्यासाठी चहा मागवला. चहा आला तेव्हाच माझ्या लक्षात आलं, कारण अगदी असाच चहा मी तीन वर्षांपूर्वी एका दुकानात प्यायलो होतो.

जुन्या लोकांना ती नोंद आठवत असेल. कांद्याचं सुटं बी घेतलं होतं, पिशवीवर टॅग नाही, पक्कं बिल नाही, "घरचंच निवडलेलं आहे" हा शब्द. दोन एकरात डेंगळे आणि जोडकांदा. तक्रार करायला गेलो तर कृषी अधिकारी म्हणाले, पिशवी दाखवा, टॅग दाखवा, बिल दाखवा. तिन्ही नव्हतं. प्रमाणित बियाण्याचा निळा टॅग असता तर लॉट नंबरवरनं धागा मागे नेता आला असता. बी उगवलं नाही असं नव्हतं, उगवलं जोरात. पण ते कशाचं बी आहे याला जबाबदार कोणीच नव्हतं. हा क्लासही तसाच. काहीच शिकवत नसतील असं मी म्हणत नाही. बीपी बघायला, बेड करायला शिकवत असतील. पण सहा महिन्यांनी ही पोरगी कोण, हे सांगणारा टॅग कुठंच नाही.

५,००० परत मागितले. "नॉन रिफंडेबल" म्हणाल्या. भांडलो नाही. आक्का जिना उतरेपर्यंत भांडत होती.

संध्याकाळी आक्काने शेजारच्या चाळीतली एक बाई बोलावली. मूळची सातारा भागातली, मुलुंडला एका छोट्या खाजगी नर्सिंग होममध्ये आठ वर्षं कामाला. तिनेही असाच सहा महिन्यांचा कोर्स केलेला. पेशंट तिला सिस्टर म्हणतात, अंगावर पांढरा ड्रेस आहे, रात्रपाळीला सलाईन लावते, इंजेक्शन देते. पगाराच्या कागदावर मात्र "हेल्पर". ती म्हणाली, "काम येतं हो मला. मागं कोर्स झालेली नवीन मुलगी आली, तिला शीर कशी धरायची ते मीच दाखवलं. आता ती माझी सीनियर. महापालिकेची जाहिरात आली की मी फक्त वाचते." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि रात्री काही कमीजास्त झालं तर डॉक्टर म्हणतील हिला हात लावायला कोणी सांगितलं. तेव्हा मी हेल्पर." जे काम करायला तिला कायद्याने परवानगीच नाही ते तिच्याकडून रोज करून घेतात, आणि जबाबदारी तिच्या गळ्यात. हे ऐकून धाकटी गप्प झाली होती. मी पण.

तिसऱ्या दिवशी राजावाडी हॉस्पिटलच्या एका सिस्टरांची गाठ पडली, दाजींच्या ओळखीतून. ड्युटी सुटल्यावर गेटबाहेर चहाच्या टपरीवर बाईंनी पाऊण तास दिला. त्यांनी जे सांगितलं ते नीट लिहितो, कारण ज्यांच्या घरी हा विषय आहे त्यांना उपयोगी पडेल.

नर्स होण्याच्या वाटा तीनच. एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन वर्षं (पूर्वी साडेतीन होती), बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षं. तिन्हींना बारावी लागते. बी.एस्सी.ला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी पाहिजेच, वर सीईटी, आणि पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. म्हणजे आमच्या आर्ट्सवालीला ते दार बंद. ज्यांची पोरगी आत्ता दहावीत आहे आणि नर्सिंग म्हणते, त्यांनी अकरावीलाच विचार करा, आमच्यासारखं बारावीनंतर नको. जीएनएमला विज्ञानवाल्यांना प्राधान्य, पण आर्ट्स चालतं, बारावीला आणि इंग्रजीला ४० टक्के पाहिजेत. एएनएमलाही आर्ट्स चालतं. एएनएम-जीएनएमची परीक्षा राज्याच्या शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची. या सगळ्यांचं नाव शेवटी कौन्सिलच्या रजिस्टरला लागतं. प्रवेशाची पद्धत बदलत राहते, तेव्हा त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचायची आणि कॉलेजला कौन्सिलची मान्यता चालू आहे का ते यादीत बघायचं. कॉलेजने दिलेल्या कागदावर नाही, कौन्सिलच्या यादीत.

या तिन्हींच्या खाली सहायकाचं काम आहे. जनरल ड्यूटी असिस्टंट म्हणतात, दहावीवर होतं. सरकारच्या कौशल्य विकास योजनेत आणि ग्रामीण मुलांच्या दीनदयाळ उपाध्याय योजनेत असं प्रशिक्षण फुकट मिळतं. सिस्टर म्हणाल्या, "त्यात लाज काही नाही. ते लोक नसतील तर वॉर्ड चालणार नाही. पण त्याला नर्सिंग म्हणून ३८,००० ला विकणं ही लबाडी आहे." मला हे पटलं. सहायक हे काम वाईट नाही, खोटं नाव वाईट.

मग खरा वाद झाला तो आमच्या बापलेकीत. माझं म्हणणं एएनएम. दोन वर्षं, खर्च कमी, झाल्यावर जवळपास उपकेंद्रात लागली तर घरीच. धाकटी म्हणाली जीएनएम. मी म्हटलं, एका वर्षाचाच तर फरक आहे, आधी एएनएम कर, पुढं बघू. सिस्टरांनी मला तिथंच थांबवलं.

"दादा, एएनएम म्हणजे छोटं जीएनएम नाही. ते वेगळं काम आहे. लसीकरण, गरोदर बायांची नोंद, बाळंतपण, घरोघर फिरणं. सपाटीला ५,००० आणि डोंगराला ३,००० माणसांमागं एक उपकेंद्र. ज्याला माणसांत फिरायला आवडतं त्याने ते करावं. वॉर्डात पेशंटजवळ उभं राहायचं असेल तर जीएनएम. किती वर्षं ते नंतर बघा, आधी कुठं उभं राहायचंय ते तिला विचारा." मग धाकटीकडं वळून म्हणाल्या, "बाळा, बेडपॅन दिलायस का कधी कुणाला?"

"आजीला दिलाय. आठ महिने."

"घाण वाटली?"

धाकटी म्हणाली, "पहिल्यांदा वाटली. मग आजीला लाज वाटायची ते जास्त वाईट वाटायला लागलं."

सिस्टर काही बोलल्या नाहीत. चहाचे पैसे त्यांनीच दिले, मला देऊ दिले नाहीत.

परतीच्या मेट्रोत मी हिशेब करत होतो आणि पोरगी खिडकीतून डोंगरावरची रंगवलेली घरं बघत होती. मला बियाण्याचा दर पिशवीच्या वजनावर ठरवायची सवय आहे. हलक्या रानाचं बी आणि भारी रानाचं बी वेगळं, हे मी इथं तुम्हाला दहादा सांगितलंय, आणि स्वतःच्या पोरीच्या वेळी दोन वर्षं का तीन वर्षं एवढंच मोजत बसलो. असो.

तर सध्या असं आहे. जीएनएमसाठी सरकारी कॉलेजांचा नंबर आधी धरायचा, यादीत मान्यता असलेली खाजगी दोन पर्यायाला. प्रवेश होईपर्यंत धाकटी आक्काकडे थांबली आहे. राजावाडीच्या सिस्टरांच्याच ओळखीने मुलुंडला एका म्हाताऱ्या आजींकडे दिवसपाळी करते, सकाळी आठ ते रात्री आठ. ब्युरोतून नाही, थेट. बारा तास परक्या माणसाचं करून बघ, मग तीन वर्षांचं ठरव, अशी माझी अट होती. पहिल्या दिवशी रडत फोन आला, पाय दुखतात म्हणून. चौथ्या दिवशी फोन आला तेव्हा आजींचा रक्तदाब सांगत होती. म्हणाली, "अण्णा, आजी सगळ्यांना सांगतात ही माझी नर्स. मी म्हटलं, आजी, अजून नाही, तीन वर्षांनी म्हणा."

तिथं तिला मुलुंडच्या हेल्पर बाई पण भेटतात, त्यांचं काम जवळच आहे. त्या बाई बारावी आहेत, ४० टक्क्यांच्या वर आहेत. वयाची अट बसते का ते माहितीपुस्तिकेत बघ म्हणून धाकटीने त्यांच्या मागं लागलंय. बाई म्हणतात, दोन लेकरं आहेत, कशी करू. त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आता पैशाचं. बराखीतला कांदा दिवाळीपर्यंत धरायचा विचार होता, तो सोडला. सरकारी कॉलेजला नंबर लागला तर अर्धी बराख फोडून भागेल, खाजगीला जावं लागलं तर सगळी फोडून वर कर्ज. दाजींना रोज रात्री वाशीचा भाव विचारतोय. गरवा कांदा आहे, पत्ती चांगली आहे, सड फार नाही. कोणी गेल्या आठवड्यात आळेफाट्याला किंवा वाशीला माल घातला असेल तर भाव आणि तूट किती बसली ते कळवा.