किल्ल्या कोणाच्या हाती?

आर्ट्सच्या वार्षिकात फायरवॉलवरचा लेख पाहून काही मैत्रिणी पान उलटतील, हे मी जाणून आहे. हा विषय आपला नव्हे, संगणकवाल्यांचा, असे मलाही वाटत असे. पण आमच्या गावातल्या ज्या बँकेच्या शाखेत आईच्या बचत गटाचे खाते आहे, तिथलेही व्यवहार अशाच एका पेटीतून ये-जा करतात. तेव्हा हा विषय परका म्हणायचा कसा?

फायरवॉल म्हणजे नेटवर्कच्या वेशीवरचा पहारेकरी. आत कोणी यावे, बाहेर काय जावे, याचे नियम त्याला नेमून दिलेले असतात. एकच शाखा असली तर एक पहारेकरी पुरतो. नियम बदलला की त्याला सांगितले, काम झाले. पण शाखा तीस-चाळीस झाल्या की पंचाईत होते. एकीकडे नियम नवा, दुसरीकडे जुनाच. आणि चोर नेमका जिथे जुना नियम आहे तिथूनच शिरणार! म्हणून सगळ्या फायरवॉल एका मध्यवर्ती व्यवस्थापन यंत्रणेला जोडतात. नियम एकदाच लिहायचा आणि एका जागेवरून सगळीकडे पाठवायचा. मध्येच संपर्क तुटला, तरी शाखेतली फायरवॉल शेवटी मिळालेल्या नियमांनुसार आपला पहारा चालूच ठेवते.

हे सारे मला कळले ते दिवाळीच्या सुट्टीत, पुण्याला आत्याकडे गेले होते तेव्हा. माझा आतेभाऊ एका कंपनीत हेच काम करतो. महिन्याचा दुसरा शनिवार असल्याने बँक बंद होती आणि दादा रात्री घरूनच एका बँकेच्या बत्तीस शाखांच्या फायरवॉल मध्यवर्ती यंत्रणेला जोडत बसला होता. प्रत्येक फायरवॉलला मध्यवर्ती यंत्रणेचा पत्ता आधीच दिलेला होता. त्या पत्त्यावर ती आपण होऊन हाक देई आणि पडद्यावरच्या यादीत तिचा अनुक्रमांक उमटे. मग तो अनुक्रमांक मी कागदावरून मोठ्याने वाचायचा, दादाने पडद्यावर ताडून पाहायचा आणि जुळला तरच मंजुरी द्यायची. ही मंजुरी मिळेपर्यंत ते यंत्र दाराबाहेरच ताटकळत राहते.

मध्यरात्रीनंतर एक शाखा अडली. कागदावर एक क्रमांक, पडद्यावर भलताच. मला झोप येत होती. मी म्हटले, "दादा, बाकीच्या सगळ्या जुळल्या. ही तीच असणार. घे की!"

तो हसला नाही. म्हणाला, "असणार म्हणून दार उघडायचं नसतं गं."

ती शाखा त्याने तशीच ठेवली. सोमवारी सकाळी शाखाधिकाऱ्यांना फोन करून पेटीच्या मागे चिकटवलेला क्रमांक वाचून घेतला, बँकेच्या मुख्य कचेरीकडूनही खात्री करून घेतली. पावसाळ्यात जुने यंत्र जळाले होते, त्या जागी नवे बसवले होते, पण कागदावरची नोंद बदललेली नव्हती. एवढेच. मग मंजुरी दिली.

एवढ्याशा आकड्यासाठी दीड दिवस थांबायचे? माझ्या मनातली ही शंका २०२४ सालच्या एका घटनेची माहिती वाचल्यावर पार फिटली. फोर्टिनेट या अमेरिकन कंपनीची फोर्टिमॅनेजर नावाची अशीच मध्यवर्ती यंत्रणा आहे. तिच्यात एक गंभीर उणीव असून हल्लेखोर तिचा वापर करीत आहेत, असे कंपनीने २३ ऑक्टोबर २०२४ रोजी जाहीर केले. ओळख पटवल्याशिवाय जे होता कामा नये, ते तिथे होऊ शकत होते. स्वतःच्या ताब्यातले यंत्र पुढे करून हल्लेखोर मध्यवर्ती यंत्रणेत शिरत होते. मॅन्डियंट या संस्थेच्या तपासात असे प्रकार २७ जून २०२४ पासूनच घडत असल्याचे आणि पन्नासहून अधिक ठिकाणी त्याची झळ पोचली असण्याची शक्यता असल्याचे दिसून आले. जोडलेल्या फायरवॉलच्या रचनेची सविस्तर माहिती चोरीला गेली. म्हणजे एकेका वेशीवर झटापट करण्याची गरजच उरली नाही. सगळ्या वेशींचा नकाशा एकाच कचेरीत हाती लागला. दुरुस्ती करणे शक्य नसेल त्यांच्यासाठी कंपनीने जे तात्पुरते उपाय सांगितले, त्यांतला एक वाचून मी थबकले. अनोळखी अनुक्रमांकाच्या यंत्राला दारातच नकार द्यावा! दादा त्या रात्री दुसरे काय करीत होता?

इतिहासाच्या तासाला आपण शिवकालीन गडांची व्यवस्था शिकतो. हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे बरोबरीचे अधिकारी. कारभार तिघांनी मिळून करायचा, असे सभासदाच्या बखरीत येते. एकट्याच्या मनात आले म्हणून गड शत्रूच्या हाती जाऊ नये, हा त्यातला विचार. राज्य एक, पण प्रत्येक गडावर हात तीन. मध्यवर्ती यंत्रणा वाईट, असे मला मुळीच म्हणायचे नाही. बत्तीस ठिकाणचे बत्तीस ढिसाळ नियम त्याहून वाईट. पण सत्ता जितकी एका जागी गोळा होते, तितकी त्या जागेवरची पडताळणी कडक हवी. आणि एकाने केलेला बदल दुसऱ्याने तपासलाच पाहिजे.

कुलूप किती भक्कम आहे, हे विकणारा आपल्याला हौसेने सांगतो. किल्ल्या कोणाकडे आहेत आणि नव्या माणसाला आत घेताना कोण कोणाला विचारतो, हे मात्र आपणच विचारावे लागते. त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. पैसे आपले आहेत, एवढे कारण पुरेसे आहे.