तापाचे मूळ

आदिलाबादेकडील माणसाला उन्हाची ओळख करून द्यावी लागत नाही. वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि नेमके तेव्हाच लग्नकार्यांसाठी यवतमाळ-नागपूरकडे जाणे निघते. मग वाटेत बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या मोटारी दिसतात. भोवती जमलेला प्रत्येकजण सांगतो, "पाणी घाला!" पाण्याने ताप उतरतो, तो का चढला, हे मात्र कळत नाही.

त्यासाठी प्रथम विचारावे, गाडी तापते केव्हा? गर्दीत तापून मोकळ्या रस्त्यावर निवत असेल, तर पंखा किंवा फॅन बेल्ट पाहावा. वेगात अथवा चढणीवर तापत असेल, तर पाणी कमी असेल, थर्मोस्टॅट अडकला असेल किंवा रेडिएटर आतून गाळाने, बाहेरून कचऱ्याने भरला असेल. गळती न दिसता पाणी घटते, तेल दुधाळ होते, तेव्हा हेड गॅस्केटचा संशय घ्यावा.

आमच्या गाडीच्या बाबतीत हा संशय फार लवकर घेतला गेला. ऐन मार्गशीर्षात, वृद्ध आईला हैदराबादच्या इस्पितळातून घरी आणताना, निर्मलपुढील जुन्या महबूब घाटात काटा तांबड्या रेघेला टेकला. एका मिस्त्रीने गॅस्केट गेल्याचे सांगून इंजिन उघडण्याची तयारी केली. म्हणजे चार दिवसांचा खोळंबा आणि महिन्याची मिळकत! परंतु तेल स्वच्छ होते, पाणी पुरेसे होते, पंखाही फिरत होता. इंजिन निवल्यावर आमच्या मेहुण्यांनी रेडिएटरमागे विजेरी धरली. पुढून प्रकाशाची तिरीपही दिसेना. एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्यामध्ये कापसाची जणू गादीच जमली होती! हंगामात बाजाराकडे जाणाऱ्या गाड्यांतून उडालेले ते तंतू. ज्या पिकावर आमचा मुलूख जगतो, त्यानेच वाऱ्याची वाट अडवली होती. आतून बाहेर हलक्या धारेने धुतल्यावर ती मोकळी झाली आणि इंजिन न उघडताच आई संध्याकाळी घरी पोहोचली.

वाचकहो, एक पथ्य अवश्य पाळावे. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आत दाबाखालचे पाणी १०० अंशांपुढे जाऊनही उकळत नाही. झाकण निघताच वाफ होऊन तोंडावर येते. काटा चढू लागताच एसी बंद करून हीटर लावावा, इंजिनाची उष्णता थोडी बाहेर पडते. आणि सावली पाहून थांबावे. गाडी निवेपर्यंत लागणारा अर्धा-पाऊण तास निदानाच्या विचाराला पुरेसा असतो.