बाबांचा पीसी आणि माझा शहाणपणा

सांगलीच्या घरी बाबांचा कॉम्प्युटर सुरू होणं हा एक विधी असायचा. सकाळी बटण दाबायचं, चहाचं आधण ठेवायचं, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायचं, पेपरातलं शब्दकोडं निम्मं सोडवायचं आणि मग खुर्चीत येऊन बसायचं. तेव्हा कुठे स्क्रीनवर आयकॉन्स उमटायला लागायचे. मी वैतागले की म्हणायचे, “उठू दे गं बिचाऱ्याला.”

आता मी पडले हिंजवडीतली आयटीवाली! स्वतःच्या घरात ही अवस्था म्हणजे इज्जतीचा सवाल. २०२४च्या दिवाळीत चक्क मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. सहा मिनिटं चाळीस सेकंद!

“बाबा, आज मी याचा निकालच लावते.”

“लाव. पण काही उडवू नकोस हं.”

तुमच्याही घरी असा एखादा कुंभकर्ण असेल तर फंडा सोपा आहे. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘स्टार्टअप’ नावाचं एक पान आहे. पीसी सुरू होताना जे प्रोग्रॅम न बोलावता उठून बसतात, त्यांची ही हजेरी. कोण किती भार टाकतो तेही पुढे लिहिलेलं असतं : हाय, मीडियम, लो. बाबांच्या यादीत सतरा नावं होती. कधीच भंगारात गेलेल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर, दोन म्युझिक प्लेअर, कसले कसले अपडेटर... मी अँटिव्हायरस तेवढा ठेवला आणि बाकी सगळ्यांना ‘डिसेबल’ केलं. डिसेबल म्हणजे डिलीट नव्हे. प्रोग्रॅम जागेवरच राहतो, फक्त आपणहून उठत नाही.

वेळ आली तीन मिनिटांवर. पण खरा गुन्हेगार वेगळाच होता. ‘परफॉर्मन्स’च्या पानावर डिस्क कितीतरी वेळ १०० टक्क्यांवर अडकलेली दिसत होती. बाबांच्या पीसीत जुनी हार्ड डिस्क, मिनिटाला ५४०० फेरे घेणारी. सुरू होताना हजारो छोट्या फाइल्स वाचायच्या आणि प्रत्येक फाइलसाठी आतला वाचणारा दांडा तबकडीवर इकडून तिकडे हलवायचा. दर वेळी काही मिलिसेकंद जातात आणि त्याचीच मिनिटं होतात. एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतंच. बाजारात जाऊन एक एसएसडी आणली, जुन्या डिस्कची जशीच्या तशी कॉपी तिच्यावर घेतली आणि बसवली. बटण दाबलं... बावीस सेकंद! मी अशी काही कॉलर ताठ केली की विचारू नका. बाबा मात्र एवढंच म्हणाले, “मग आता चहा कधी करायचा?”

पुढच्या रविवारची गोष्ट. आई गेल्यापासून बाबा एकटेच असतात. म्हणून दर रविवारी रात्री नऊला आमचा व्हिडिओ कॉल ठरलेला. मोबाइलवर त्यांना चेहरा नीट दिसत नाही, म्हणून पीसीवरच. मी नऊला कॉल लावला. उत्तर नाही. सव्वानऊला पुन्हा. मोबाइल नुसताच वाजत राहिला. पावणेदहापर्यंत माझे हातपाय गार पडले. शेवटी शेजारच्या काकूंना फोन केला आणि दार वाजवायला सांगितलं.

दार बाबांनीच उघडलं. ते साडेआठपासून केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून पीसीसमोर बसले होते! मोबाइल सायलेंटवर, स्वयंपाकघरात चार्जिंगला.

काकूंच्या फोनवर म्हणाले, “अगं, तुझाच कॉल आला नाही. म्हटलं, कामात असशील.”

माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. त्या सतरा नावांत व्हिडिओ कॉलचा प्रोग्रॅमही होता, पुढे ‘हाय’ लिहिलेला. मी बघितलं तो भार आणि दिला उडवून. तो उघडावा लागतो हे बाबांना ठाऊकच नव्हतं, कारण इतकी वर्षं तो आपणहून उघडायचा. बावीस सेकंदांत सुरू झालेल्या पीसीसमोर बाबा सव्वा तास बसून होते.

“काही उडवू नकोस,” असं त्यांनी सांगितलं होतं. आणि यातलं तुम्हाला काय काय लागतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. ऑफिसात क्लायंटला मात्र हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतो आपण!

त्याच रात्री मोबाइल स्पीकरवर टाकून बाबांकडून तेवढा एक प्रोग्रॅम पुन्हा ‘एनेबल’ करून घेतला. अर्धा तास लागला. मग एकेक नाव वाचून त्यांना विचारलं. बाकीच्यांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

आता पीसी सुरू व्हायला सत्तावीस सेकंद लागतात. वरचे पाच सेकंद माझ्या नावावर आहेत, ते मी कमी करणार नाही.