थोरलं शास्त्र

शास्त्रावर, म्हणजे बायबलवर, काही ठेवायचं नाही. वर्तमानपत्र नाही, गोळ्यांची पट्टी नाही, चहाचा कप तर नाहीच. आजोबांचा चष्मा तेवढा चालायचा. नगर जिल्ह्यातल्या आमच्या घरात लाकडी कपाटाच्या मधल्या फळीवर ते आडवं पडून असतं. काळ्या पुठ्ठ्याचं अंग, कडेनं लाल रंगवलेली पानं, पुठ्ठ्यावर ‘पवित्र शास्त्र’ ही सोनेरी अक्षरं, त्यातलं सोनं कधीच उडालेलं. पाठ दोनदा शिवलीय, एकदा बाइंडरनं आणि एकदा घरीच, दाभणानं. दाभणाचे टाके जास्त टिकले.

ते कुणाच्या मागे लागत नाही. दिवेलागणीनंतर सगळे प्रार्थनेला बसले की उघडतं, आणि तेही स्वतःच्या मर्जीनं. मांडीवर ठेवून हात सोडला की नेमकं स्तोत्रसंहितेत पडणार, तेविसाव्या नाहीतर एक्याण्णवाव्या स्तोत्रापाशी. तिथल्या पानांचे कोपरे धुतलेल्या कापडासारखे मऊ झालेत आणि एका बाजूला अंगठ्याचा तेलकट डाग आहे. योहानाच्या तिसऱ्या अध्यायाची तीच अवस्था. लेवीय आणि गणना यांची पानं मात्र अजून एकमेकांना चिकटलेली. पहिल्या इतिहासाचे सुरुवातीचे नऊ अध्याय म्हणजे नावांच्या याद्या. तिथं तर कुणाचं बोट पोचल्याची खूणच नाही. घरानं काय वाचलं आणि काय चुकवलं, हे त्याला झाकता येत नाही.

एरवी सगळं वाचून काढायचा हिशेब सोपा आहे. अध्याय ११८९. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात संपतात. आजोबा दर नव्या वर्षाला कंबर कसून सुरुवात करायचे. निर्गमातला निवासमंडप बांधून होईस्तोवर जानेवारी सरायचा, मग लेवीयातली अर्पणं सुरू व्हायची आणि गाडी तिथंच रुतायची. नीतिसूत्रांचं तेवढं घराला जमलं. अध्याय एकतीस, म्हणून तारखेप्रमाणे एक. सद्‌गुणी स्त्रीचं वर्णन शेवटच्या अध्यायात आहे आणि एकतीस तारीख वर्षातून सातदाच येते. काकूंचं म्हणणं, तेवढं पुष्कळ झालं.

वाचन आटोपलं की ते मिटायचं आणि काकांची प्रार्थना सुरू व्हायची. ती राष्ट्रपतींपासून निघून पाऊसपाण्यावरून, आजारी नातेवाइकांवरून हळूहळू स्वयंपाकघरापर्यंत यायची; तोवर चुलीवरची भाजी खाली लागलेली असायची. शास्त्राचा हा गुण मला तेव्हाच पटला होता. त्यातलं सगळ्यात लहान स्तोत्र, एकशे सतरावं, दोन वचनांत आटपतं. (त्याच्यापुढचं दुसरंच, एकशे एकोणिसावं, १७६ वचनांचं आहे, हे काका लगेच दाखवून द्यायचे.)

पोटात त्यानं काय काय सांभाळलंय! झावळ्यांच्या रविवारी वळलेला क्रूस, वाळून पिवळा पडलेला. दानार्पणाचं एक पाकीट, भरायचं राहिलेलं. आणि प्रार्थनेच्या विषयांच्या चिठ्ठ्या. ‘बोअरला पाणी लागावे’: पुढे बरोबरची खूण. ‘धाकटीचे लग्न’: खूण. ‘थोरल्याची दारू सुटावी’: प्रत्येक चिठ्ठीवर आहे, वेगवेगळ्या शाईत, आणि खूण कुठल्याच चिठ्ठीवर नाही. चिठ्ठ्या कुणी फाडल्या नाहीत. प्रार्थनेची फळं मोजून साक्ष द्यायची आपल्याकडे हौस फार. सभेत उभं राहून बोलायला खूण झालेल्या चिठ्ठ्या उपयोगी पडतात. बाकीच्या शास्त्रातच राहतात.

घरात त्याचं एक धाकटं भावंडही आहे, पंडिता रमाबाईंनी केलेलं भाषांतर. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये (नगरला लागून आहे ते केडगाव नव्हे, दौंडकडचं) वर्षानुवर्षं त्या कामाला बसल्या. कमी शिकलेल्या बायकांना कळेल असं शास्त्र त्यांना हवं होतं. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतच्या कामाला तिथल्याच बायका आणि मुली होत्या. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या; अखेरच्या दिवसांपर्यंत त्यांचं काम चालू होतं, आणि छापील ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. आजीला तेच आवडायचं. थोरल्यापुढे ती जरा बिचकून असायची. पण लिहायची वेळ आली तेव्हा तिनं थोरल्यातच लिहिलं.

त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर घराची नोंद आहे. जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू. वरच्या ओळी टाकाच्या, निळ्या-काळ्या शाईच्या; खाली बॉलपेन. मधे एका मुलाचं नाव आहे, त्याचा जन्म आणि मृत्यू एकाच महिन्यातला. त्यापुढे आजोबांनी ठसठशीत अक्षरात नुसता आकडा घातलाय: ईयोब १:२१. सगळी लेकरं एका दिवसात गेल्यावर ईयोब जमिनीवर पडून देवाचं नाव धन्य म्हणतो, ते हे वचन. मातीच्या वेळी पाळकसाहेब बहुधा हेच वाचतात. त्याच ओळीच्या कडेला, पुसट शिसपेन्सिलीनं, आजीच्या वाकड्या अक्षरात दुसरा आकडा आहे: ३:३. तिथं तोच ईयोब आपण जन्मलो त्या दिवसाला शाप देतो.

दोघांमध्ये यावरून काही बोलणं झालं असेल का, कुणाला ठाऊक नाही. आजोबांच्या हाताशी खोडरबर होतं, त्यांनी ते वापरलं नाही. आणि शास्त्रानं दोघांचंही ठेवून घेतलं. घ्यायलाच हवं होतं, कारण ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो शाप देणाऱ्या ईयोबावर नव्हे. त्याच्या मित्रांवर रागावतो, जे सबंध पुस्तकभर देवाची बाजू घेऊन ईयोबाला त्याचं कुठं चुकलं ते समजावत बसलेले असतात. कुणाच्या आजारपणात ‘विश्वास कमी पडला’ म्हणणारं माणूस घरी आलं, की मला वाटतं त्याला चहा द्यावा आणि हे पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवावं, बेचाळीसच्या बेचाळीस अध्याय.

नव्या वर्षाच्या रात्रीच्या उपासनेत वचनाच्या चिठ्ठ्या वाटतात. ताटलीतून एक उचलायची, तेच वर्षाचं वचन. ईयोबाचा तिसरा अध्याय त्या ताटलीत कधी येत नाही. येतं ते हमखास यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन, देवाच्या मनात तुमच्या भल्याच्याच योजना आहेत, अशा अर्थाचं. ते कॅलेंडरवर असतं, रिक्षाच्या मागच्या काचेवर असतं, लग्नाच्या भेटवस्तूंत तर घड्याळावरसुद्धा. आता थोरल्यात ते काढून पाहावं. ते यरुशलेमेहून बाबेलला, देशोधडीला लागलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. लवकर सुटका होईल असं सांगणाऱ्या संदेष्ट्यांवर विश्वास ठेवू नका, असं त्या पत्रात बजावलंय. घरं बांधा, मळे लावा, मुलंबाळं होऊ द्या, आणि ज्या शहरात नेऊन टाकलंय त्या शहरासाठी प्रार्थना करा. मग दहावं वचन येतं: बाबेलची सत्तर वर्षं भरल्यावर. त्यानंतर अकरावं. पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीची वाट दिसणारच नव्हती, आणि वचन त्यांनाही उद्देशूनच होतं. चिठ्ठी छापणाऱ्यानं दहावं गाळलं. थोरल्याला गाळता येत नाही. तिथं अकराव्याला हात लावायचा तर वरून दहाव्यावरूनच यावं लागतं.

म्हणूनच डोळे मिटून, पान उघडून, बोट ठेवून ‘उत्तर’ काढणाऱ्यांशी त्याचं जमत नाही. माझ्या एका आत्यानं मुलाच्या परीक्षेआधी असं बोट ठेवलं, तर बोटाखाली अंगावरच्या चट्ट्यांची तपासणी याजकानं कशी करावी, ते आलं. लेवीयाची चिकटलेली पानं त्या दिवशी तेवढी सुटली.

आता पोरं मोबाइलवर वाचतात. तक्रार नाही, रात्री दवाखान्यात, दिवा न लावता, मीही तसंच वाचलंय. मोबाइलवरचं शास्त्र म्हणाल तिथं उघडतं, फक्त त्याला मर्जी नसते आणि झीजही नसते.

वाटण्या झाल्या तेव्हा जमीन, विहीर, भांडी यांचे वाटे पडले. थोरल्या शास्त्रावरून मात्र दोन काकांत एक संध्याकाळभर वाजलं. ज्यांनी ते वर्षानुवर्षं हातात धरलं नव्हतं, तेच जास्त भांडले. शेवटी ठरलं की मुक्काम जुन्या घरी, आणि ज्याच्या घरी बाप्तिस्मा किंवा लग्न असेल त्यानं तेवढ्यापुरतं न्यायचं. न्यायचं मांडीवर ठेवून, डिकीत टाकून नाही.

पुढच्या महिन्यात पिंपरीच्या चुलतभावाकडे मुलीचा बाप्तिस्मा आहे. नोंदीच्या पानावर जागा संपलीय. पाळकसाहेबांना विचारलं तर म्हणाले, मागे एक कोरा कागद जोडा. खळीनं चिकटवा, सेलोटेप लावू नका, सेलोटेपनं जुनं पान फाटतं.